बी-झेड खाली गेला का? सौरवाऱ्याचे आलेख वाचून भूचुंबकीय वादळ ओळखण्याची माझी रीत

माझ्या टेबलावर दोन पेनं कायम पडलेली असतात, एक निळं आणि एक लाल. बी-झेड म्हणजे सौरवाऱ्यातल्या, सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या प्रवाहातल्या, चुंबकीय क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक. तो शून्याच्या वर असला की नोंद निळ्या शाईत, खाली गेला की लाल. तासाला एक ओळ. वही नुसती चाळली तरी कळतं, कुठल्या रात्री पृथ्वीचं दार लावलेलं होतं आणि कुठल्या रात्री ते सताड उघडं राहिलं.

मी खगोलशास्त्रज्ञ नाही, हौशी रेडिओवाली आहे, हॅम. २० मीटरच्या बँडवर ध्रुवाच्या बाजूने येणारा एखादा दूरचा सिग्नल खणखणीत ऐकू येत असतो. मग तो थरथरायला लागतो, पाण्याखालून कुणी बोलावं तसा होतो आणि अर्ध्या तासात बँड ओस पडतो. अँटेनाच्या जोडण्या तपासून, केबल बदलून झाल्या, तेव्हा कुठे माझं लक्ष सूर्याकडे गेलं. तिथून सौरवाऱ्यापाशी पोचले आणि तिथेच रमले.

सुरुवातीला मी बातम्यांवर जायची. ‘सूर्यावर एक्स वर्गाची प्रचंड ज्वाला’ असं वाचलं की भाच्याला सांगून टाकायची, परवा वादळ, म्हणजे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र ढवळून निघणार. परवा यायचा, जायचा, सगळं शांत. भाचा विचारायचा, “मावशी, तुझं वादळ वाट चुकलं का गं?” असं दोन-तीनदा झाल्यावर मी अंदाज सांगणं बंद केलं आणि जुन्या घटना काढून बसले.

२००३ सालच्या हिवाळ्याने माझं डोकं ताळ्यावर आणलं. त्या वर्षी २८ ऑक्टोबरला एक्स १७ची ज्वाला झाली, दुसऱ्या दिवशी एक्स १०ची, आणि पाठोपाठ मोठी वादळं आली. वादळ किती खोल ते सांगणारा डीएसटी नावाचा निर्देशांक (जितका उणे, तितकं वादळ मोठं) उणे ३८३पर्यंत उतरला. इथवर हिशेब जुळतो. मग ४ नोव्हेंबरला त्याहून मोठी, मोजणाऱ्या उपकरणाचा काटा अडकवणारी ज्वाला झाली. तिचा अंदाज पुढे एक्स २८ असा धरला गेला. पण ती सूर्याच्या कडेला होती, पृथ्वीला तिचा फारसा धक्का बसला नाही. आणि १८ नोव्हेंबरला एम वर्गाच्या, म्हणजे एका पायरीने खालच्या, कुणी लक्षही देणार नाही अशा ज्वालांबरोबर चुंबकित वायूचा जो ढग सुटला, त्याने २० तारखेला डीएसटी उणे ४२२वर नेला. त्या सगळ्या धुमाळीतलं सर्वांत खोल वादळ ते. कारण एकच: त्या ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं होतं, भरपूर होतं आणि तासन्‌तास तसंच राहिलं.

उलटं उदाहरण सप्टेंबर २०१४चं. १० तारखेला एक्स १.६ची ज्वाला, पृथ्वीच्या दिशेने सुटलेला ढग, सगळीकडे इशारे. १२ तारखेला ढग आलाही. पण त्याच्या गाभ्यातलं क्षेत्र उत्तरेकडे होतं. वादळ झालं, पण ज्याची हाकाटी पिटली होती ते नव्हे.

म्हणून माझा पहिला नियम: ज्वालेचा वर्ग ही बातमी झाली, अंदाज नव्हे. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोचतो आणि दिवसाच्या बाजूचा शॉर्टवेव्ह तेवढ्यापुरता मुका करतो. वादळ आणतो तो मागाहून, साधारण एक ते तीन-चार दिवसांनी येणारा चुंबकित वायूचा लोट. त्याला सीएमई म्हणतात. ज्वाला कितीही दिपवणारी असली तरी लोटाच्या पोटात चुंबकीय क्षेत्र कुठल्या दिशेने वळलंय हे दुर्बिणीतून दिसत नाही.

दिशेचं एवढं काय

भाच्याने एकदा रास्त शंका काढली होती. पृथ्वीच्या पृष्ठभागावर चुंबकीय क्षेत्र २५,००० ते ६५,००० नॅनोटेस्ला (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). सौरवाऱ्यातलं साधारण दिवशी पाचेक. हत्तीला मुंगी काय करणार?

उत्तर अंतरात आहे. पृथ्वीचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतं. सूर्याकडच्या बाजूला आपल्या चुंबकावरणाची, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या कवचाची, हद्द पृथ्वीच्या केंद्रापासून सुमारे दहा पृथ्वीत्रिज्यांवर असते. दहाचा घन हजार. विषुववृत्तावरचे ३१,००० तिथे ३१ उरतात. सौरवाऱ्याच्या दाबाने दाटून आले तरी साठेक. आणि येणारा वारा हद्दीपाशी अडून दाबला जातो, तेव्हा त्याचंही क्षेत्र काही पटींनी वाढतं. म्हणजे हद्दीवर गाठ पडते ती जवळपास तुल्यबळांची.

त्या हद्दीवर पृथ्वीच्या बलरेषा उत्तरेकडे तोंड करून असतात. सौरवाऱ्यातलं क्षेत्रही उत्तरेकडे असेल, तर दोन्ही एकमेकांना घासून वारा बाजूने निघून जातो. ते दक्षिणेकडे असेल, तर उलट दिशांच्या रेषा तुटतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. पृथ्वीच्या रेषेचं एक टोक आता थेट सौरवाऱ्यात. वारा त्या रेषा ओढत रात्रीच्या बाजूला नेतो, तिथल्या शेपटीत ऊर्जा साठते आणि मग ती सुटते. १९६१मध्ये जेम्स डंगी यांनी ही कल्पना मांडली आणि तिच्यावरच आजचे सगळे अंदाज उभे आहेत. दक्षिण-उत्तर या दिशेच्या घटकाला बी-झेड म्हणायचं: अधिक म्हणजे उत्तर, उणे म्हणजे दक्षिण. एवढं कळलं की बाकीचे आलेख नुसते मदतनीस.

आलेख कुठल्या क्रमाने वाचायचे

मोजमाप घेणारी यानं पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल-१ या बिंदूच्या आसपास असतात; तिथे यान पृथ्वीच्या बरोबरीने सूर्याभोवती फिरत राहतं. एस (ACE) हे यान १९९७पासून तिथलं काम करत आलंय, डिस्कव्हर २०१५मध्ये उडालं, आपलं आदित्य-एल१ जानेवारी २०२४मध्ये तिथल्या कक्षेत स्थिरावलं; त्यावरही चुंबकमापक आहे. अमेरिकेच्या नोआ संस्थेच्या अंतराळ हवामान केंद्राच्या संकेतस्थळावर एल-१चे आलेख जवळपास जिवंत दिसतात, आणि मी तेच उघडते. एकाखाली एक पट्ट्या असतात: बीटी आणि बी-झेड, मग फाय हा क्षेत्राची आडवी दिशा सांगणारा कोन, घनता, वेग, तापमान.

लोक आधी वेग बघतात. मी आधी बीटी बघते. बीटी म्हणजे क्षेत्राची एकूण ताकद, दिशा कुठलीही असो. बी-झेड हा त्याचाच एक घटक, त्यामुळे तो बीटीपेक्षा मोठा होऊच शकत नाही. बीटी ५ असेल तर बी-झेड फार तर उणे ५ होईल. मी दिवा मालवते. बीटी १०च्या वर गेला की वही उघडते. २०च्या वर गेला की चहाचं आधण ठेवते, कारण आता बी-झेडला खाली उतरायला जागा आहे.

मग बी-झेड. इथे नवखी माणसं सर्वांत खोल टोकाकडे बघतात, ‘अरे, उणे १८!’ आणि दहा मिनिटांत तो अधिक १२वर असतो. असल्या उड्यांनी काही होत नाही. दार उघडून लगेच आपटलं तर घरात किती वारा शिरणार? मी बघते ती रेघ शून्याखाली किती वेळ टिकली ते. गोन्झालेस आणि त्सुरुतानी यांनी १९८७मध्ये दिलेला ठोकताळा मला तोंडपाठ आहे: बी-झेड उणे १० किंवा त्याखाली, सलग तीन तासांहून अधिक, की तीव्र वादळ, म्हणजे डीएसटी उणे १००च्या पलीकडे. वहीच्या पहिल्या पानावर मी एवढंच लिहिलंय: दहा आणि तीन.

वेग तिसरा. सौरवारा साधारणपणे सेकंदाला ३०० ते ८०० किलोमीटर वाहतो, सरासरी ४००च्या घरात. वेगाची दोन कामं आहेत. एक, दार उघडं असताना ऊर्जा किती झपाट्याने आत येईल ते तो ठरवतो. दोन, तुमच्या हाती किती वेळ आहे ते सांगतो. १५ लाखांना वेगाने भागा: ४०० असेल तर तासाभराहून थोडं जास्त, ८०० असेल तर जेमतेम अर्धा तास. आलेखावर जे दिसतंय ते पृथ्वीवर एवढ्या वेळाने पोचायचंय. वाऱ्याचा मोहरा तिरका असतो, त्यामुळे दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे धरा.

घनता शेवटी. एका घनसेंटिमीटरमध्ये पाचेक कण हे नेहमीचं. ती ३०-४०वर गेली की चुंबकावरण दाबलं जातं, जमिनीवरच्या चुंबकमापकांवर एकदम उसळी दिसते, आणि माहीतगार माणसंही ‘आलं आलं’ करतात. ती उसळी म्हणजे दारावरची थाप. बी-झेड वर असेल तर थाप मारणारा तसाच पुढे जातो.

वहीतला हिशेब

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते हौशी माणसाने हा एक हिशेब स्वतःच्या हाताने केलाच पाहिजे. बर्टन, मॅकफेरॉन आणि रसेल यांनी १९७५मध्ये एक सोपं सूत्र दिलं. मी त्यातले दोनच आकडे घेते, वेग आणि दक्षिणेकडचं क्षेत्र.

वेग गुणिले दक्षिण बी-झेड, भागिले हजार. याला विद्युत्‌क्षेत्र म्हणतात, एकक मिलिव्होल्ट प्रति मीटर. त्यातून अर्धा वजा करा, कारण तेवढ्याने काही होत नाही. उरलेल्याला ५.४ने गुणा. जो आकडा येईल तेवढे नॅनोटेस्ला डीएसटी दर तासाला खाली ढकलला जातो. त्याच वेळी आधी जमलेली तूट दर तासाला साधारण १३ टक्क्यांनी भरून निघत असते.

समजा वेग ६००, बी-झेड उणे १५. गुणाकार ९,०००, भागिले हजार ९. अर्धा वजा, ८.५. गुणिले ५.४, जवळजवळ ४६. पहिल्या तासाअखेर डीएसटी उणे ४६. दुसऱ्या तासात आणखी ४६, पण ४६चे १३ टक्के म्हणजे ६ परत आले: उणे ८६. तिसऱ्या तासात उणे १२१. चौथ्या तासात उणे १५१. तीन तासांत उणे १००ची रेघ ओलांडली. दहा-आणि-तीनचा ठोकताळा कुठून येतो, ते असं आपोआप कळतं.

आता दोन वारे शेजारी ठेवा. पहिला ८००च्या वेगाचा, बी-झेड उणे ५. विद्युत्‌क्षेत्र ४, तासाला १९ची ढकल. दुसरा ४००चा सुस्त वारा, पण बी-झेड उणे २०. विद्युत्‌क्षेत्र ८, तासाला ४०. सुस्त वारा दुप्पट मारतो. वेगाच्या आकड्यावर भाळणाऱ्यांना मी हीच दोन उदाहरणं करायला लावते.

सौरवाऱ्याच्या दाबाची दुरुस्ती मी हिशेबात धरत नाही, त्यामुळे माझा आकडा खऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. हे सूत्र पुढे इतरांनी सुधारलंही आहे. पण रात्री दोन वाजता पेन्सिलीने करायचा हिशेब म्हणून मला आजवर याहून बरं काही सापडलेलं नाही.

हे डीएसटी म्हणजे नेमकं काय, तेही इथेच सांगते. आत शिरलेले कण पृथ्वीभोवती काही पृथ्वीत्रिज्यांच्या अंतरावर पश्चिमेकडे वाहणारा विद्युत्‌प्रवाह उभा करतात. त्या वलयाचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असतं, म्हणून विषुववृत्ताच्या आसपास जमिनीवरचं आडवं क्षेत्र घटतं. जपानमधलं क्योतोचं केंद्र काकिओका, होनोलुलू, सान हुआन आणि हर्मानस या चार वेधशाळांच्या मोजमापांतून ही घट तासातासाला काढतं. उणे ५०पासून वादळ मध्यम, उणे १००पासून तीव्र. १३ मार्च १९८९ला, कॅनडातला क्वेबेक प्रांत नऊ तास अंधारात गेला आणि साठ लाख लोकांची वीज गेली, त्या वादळात आकडा उणे ५८९ होता. डीएसटीचा जन्म होण्याच्या कितीतरी आधी, सप्टेंबर १८५९च्या कॅरिंग्टन वादळात, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत माणसांनी डोळ्यांनी वाचून लिहिलेल्या नोंदींमध्ये आडव्या क्षेत्राची घट सुमारे १,६०० नॅनोटेस्ला भरते. ती नोंद घेणाऱ्याचा हात थरथरला असेल का, असं माझ्या मनात नेहमी येतं.

केपी हा वादळाची तीव्रता सांगणारा दुसरा आकडा, तीन तासांतून एकदा, शून्य ते नऊ. त्यावरून नोआ वादळाला श्रेणी देते: ५ला जी-१, ६ला जी-२ अशा पायऱ्यांनी ९ला जी-५. बातम्यांत हाच येतो. मला तो उशिराचा वाटतो. जेव्हा केपी सांगतो की वादळ झालं, तोवर माझा बँड केव्हाच गेलेला असतो.

वाऱ्याची ठेवण ओळखा

आकडे वाचता आले की रेघांची चाल बघायला शिकायचं. यात मला सर्वांत जास्त वेळ लागला.

सीएमई पोचतो तेव्हा पट्ट्यांमध्ये एक उभा कडा दिसतो: वेग, घनता, तापमान, बीटी, चारही एकाच मिनिटाला उसळतात. तो धक्का. चारांपैकी एकच उसळलं असेल तर उपकरणाचा दोष आहे का ते आधी बघा. धक्क्यामागचे काही तास गढूळ असतात. लोटापुढे रेटला गेलेला, दाबलेला वारा तो. बी-झेड वर-खाली आपटत राहतो. या गढूळ पट्ट्यातही चांगलं वादळ होऊ शकतं, पण खाली गेलेला बी-झेड किती टिकेल याची हमी नाही.

मग कधीकधी सगळं एकदम निवळतं. बीटी उंचच राहतो पण त्याची रेघ गुळगुळीत होते, तापमान पडतं, फाय आणि बी-झेड हळूहळू, न धडपडता वळायला लागतात. हा चुंबकीय ढग, दोरीसारखा पिळलेला. तो पृथ्वीवरून जायला दिवसभरही लागतो. यात बी-झेड आधी उत्तरेकडे असेल तर पुढे दक्षिणेकडे येण्याची शक्यता असते, आणि उलटंही. माझी सर्वांत मोठी फजिती इथेच झाली. एकदा धक्का आला, गढूळ पट्टा गेला, बी-झेड अधिक २०वर जाऊन बसला. सहा तास वाट बघितली आणि ‘फुसका निघाला’ असं लिहून झोपले, निळ्या शाईत. पहाटे रेघ सावकाश उतरत शून्य ओलांडून उणे १५वर गेली होती आणि तिथेच पसरली होती. ती नोंद मी दुसऱ्या दिवशी मागाहून लिहिली, लाल शाईत, स्वतःला दोन शब्द सुनावून. तेव्हापासून ढगात उत्तरेकडचा बी-झेड दिसला की मी गजर लावून झोपते.

दुसरी जात कोरोनल होलमधून, म्हणजे सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या विवरातून, येणाऱ्या वेगवान वाऱ्याची. यात उभा कडा नसतो. आधी घनता चढते, बीटी १०-१५पर्यंत जातो, मग घनता पडते आणि वेग ५००, ६००, ७०० असा दोन-तीन दिवस चढाच राहतो. बी-झेड या काळात सारखा थरथरतो, शून्याच्या दोन्ही बाजूंना. डीएसटी क्वचितच उणे १००च्या खाली जातो. पण ही चाल दिवसेंदिवस चालते, आणि ध्रुवीय प्रकाश बघणाऱ्यांची अशा रात्री चंगळ असते. लहान वादळाला लहान समजू नये, हे फेब्रुवारी २०२२मध्ये दिसलं. तेव्हाचं वादळ किरकोळच होतं, पण वरचं वातावरण फुगलं आणि ३ तारखेला खालच्या कक्षेत सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी ३८ परत खाली येऊन जळाले.

जिथे पाय घसरतो

बी-झेड कुठल्या मांडणीत दिलाय ते बघा. जीएसएम मांडणी पृथ्वीच्या चुंबकीय अक्षाशी जुळवलेली असते. आपल्याला तीच हवी. काही आलेख जीएसई मांडणीत असतात, ती पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी जुळवलेली. दोन्हींतला बी-झेड वेगळा येऊ शकतो. एक आख्खा महिना मी चुकीचा स्तंभ उतरवून घेत होते, आणि माझे अंदाज चुकतात म्हणून सूर्याला बोल लावत होते.

मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये वादळं जास्त का होतात, हे कोडंही यातूनच सुटतं. सौरवाऱ्यातलं क्षेत्र सूर्याच्या फिरण्यामुळे वळसे घेत येतं, पृथ्वीपाशी साधारण ४५ अंशांच्या कोनात, आणि बहुतांशी आडवंच असतं. पण विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीचा चुंबकीय अक्ष असा कललेला असतो की त्या आडव्या क्षेत्राचा थोडा भाग जीएसएममध्ये दक्षिणेकडे मोजला जातो. रसेल आणि मॅकफेरॉन यांनी १९७३मध्ये हे दाखवलं. फाय कोन इथे कामाला येतो. तो ३१५ अंशांच्या आसपास असला तर क्षेत्र सूर्याकडे, १३५च्या आसपास असला तर सूर्यापासून दूर. मार्चमध्ये ३१५ आणि सप्टेंबरमध्ये १३५ दिसला की मी साध्या वाऱ्याकडेही जास्त लक्ष देते.

सूर्याकडून वेगवान प्रोटॉनचा मारा चालू असेल तेव्हा वेग आणि घनता मोजणारी उपकरणं गडबडतात; रेघ तुटते किंवा अशक्य आकडे दाखवते. अशा वेळी चुंबकमापकावर भिस्त ठेवा, तो सहसा शुद्धीवर असतो. वेग शेवटचा जो विश्वासार्ह वाटला तो धरून हिशेब पुढे न्यायचा.

आणि घाई नको. बी-झेड खाली गेला की लगेच आकाश पेटत नाही. शेपटीत ऊर्जा भरायला बहुधा अर्धा ते एक तास लागतो. एल-१पासूनचा प्रवास धरला तर लाल शाई सुरू झाल्यापासून तास-दीड तासाने माझ्या रेडिओवर पहिली थरथर येते.

१० मे २०२४ची पानं

ही पानं वहीतून सुटून आली आहेत, इतक्यांदा उघडली. सूर्यडागांचा १३६६४ क्रमांकाचा गट दोन-तीन दिवस एकामागून एक लोट सोडत होता आणि मागचे पुढच्यांना गाठत होते. १७ वाजून ५ मिनिटांनी, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार, जमिनीवरच्या चुंबकमापकांनी उडी मारली. माझ्या वहीत तोवर धक्क्याचा कडा काढून झाला होता. वेग ७००च्या आसपास, म्हणजे इशारा मिळाला तो जेमतेम पस्तीस मिनिटांचा.

पुढच्या काही तासांत बीटी ७०च्या घरात गेला. मी आकडा दोनदा वाचला, माझ्या आलेखाच्या कागदावर ४०च्या वर रेघाच नव्हत्या. बी-झेड उणे ५०पर्यंत उतरत होता. हिशेब करायचा म्हणून केला: ७०० गुणिले ४०, भागिले हजार, २८, तासाला जवळजवळ १५०ची ढकल. पेन्सिल ठेवून दिली. डीएसटी दुसऱ्या दिवशी पहाटे उणे ४००च्या खाली पोचला, केपी ९, जी-५, २००३नंतर पहिल्यांदा. लडाखमधल्या हानले इथल्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यात क्षितिजावर तांबडा ध्रुवीय प्रकाश उमटला. माझ्या रेडिओवर नुसती खरखर होती. भाच्याचा रात्री उशिरा फोन आला, “मावशी, आज तुझं वादळ बरोबर पत्त्यावर आलं वाटतं.” मी हो म्हटलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली, कारण बी-झेड अजून खालीच होता.

वादळ ओसरलं तरी पान मिटायचं नाही. बी-झेड वर आल्यावर डीएसटी आधी भराभर आणि मग रेंगाळत सावरतो, कधी दोन-चार दिवस. त्याचीही नोंद ठेवते, तासाऐवजी सहा तासांनी. आणि वारा कोरोनल होलचा असेल तर २७ दिवस पुढचं पान काढते, कारण सूर्य पृथ्वीच्या नजरेने तेवढ्या दिवसांत एक फेरी पुरी करतो आणि तेच विवर पुन्हा समोर येतं. त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक गोल काढून ठेवते. तो शाईने भरायचा की खोडायचा, ते त्या रात्रीचा बी-झेड बघून.